खांब ते शेवगा

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, जुईनगरमधल्या सोसायटीच्या गेटपाशी, वरदच्या सायकलवर एकूण त्रेपन्न वस्तू होत्या. त्यांतल्या एकतीस वरदने निवडल्या होत्या आणि बावीस त्याच्या आईने, मीनाताईंनी. वरदच्या वस्तूंत एका माणसाचा तंबू, टॉर्च, पाच मीटरची टेप आणि वही होती. मीनाताईंच्या वस्तूंत मेतकूट, दोन डबे लाडू, ओव्याची पुरचुंडी, कानटोपी आणि एक सोललेला नारळ. सगळं मिळून सतरा किलो सहाशे ग्रॅम. नारळ वगळला तर सतरा किलो. वरद फिजिक्समध्ये एमएस्सी झालेला असल्यामुळे ही दोन्ही वजनं वहीत होती.

बेत साधा होता. एकट्याने सापुताऱ्याला जायचं, एकट्याने परत यायचं, आठ दिवस, मुक्काम जिथे जागा मिळेल तिथे तंबूत. मीनाताईंनी परवानगी दिली होती, पण अट घालून. वरद सातवीत असताना शाळेच्या शिबिराला गेला होता आणि पहिल्याच संध्याकाळी रडून त्याने बाबांना बोलावून घेतलं होतं. या गोष्टीला चौदा वर्षं झाली, तरी मीनाताईंच्या लेखी ती परवाची होती.

"पहिली रात्र तंबूत झोप," त्यांनी सांगितलं. "सकाळी मला फोन कर. झोपलास तर पुढे जा. नाही झोपलास तर असशील तिथून माघारी. बाबा टेम्पो घेऊन येतील."

बाबांनी, जयप्रकाशरावांनी, मान डोलावली. टेम्पोवाल्याचा नंबर त्यांनी आदल्या दिवशीच सेव्ह केला होता. सोसायटीतले अकरा जण निरोपाला उतरले होते. सेक्रेटरींनी चार शब्द सांगितले, कुणीतरी ओवाळलं, फोटो निघाले, आणि वरद निघाला.

नऊ किलोमीटर चारशे मीटरवर, घणसोली गावात, सायकल थांबली.

झालं असं की वरद गिअर बदलता बदलता मीटरवरचा सरासरी वेग बघत होता. समोर दुधाची गाडी आली, त्याने घाईने खटका ओढला, आणि साखळी सरकवणारा मागचा सांगाडा चाकाच्या तारांत शिरला. तो सांगाडा ज्या बोटभर पट्टीवर लटकतो ती पट्टी मोडली. गावातल्या शिवाचं सायकलचं दुकान उघडायला अजून दोन तास होते. वरद पायरीवर बसून राहिला. शिवा आला, त्याने पट्टी हातात धरून उजेडात पाहिली आणि विचारलं, कुठून येताय? वरदने जुईनगर सांगितलं. मग विचारलं, कुठे चाललाय? वरदने सापुतारा सांगितलं. शिवाने पट्टी पुन्हा एकदा पाहिली.

"हा माल आपल्याकडे नाय मिळनार, बॉस. ठाण्याला भाऊ हाय माझा, त्याला सांगतो. उद्या सकाळी फिट करून देतो."

उद्या सकाळी म्हणजे मधे एक रात्र होती. रिक्षाने घरी जायला वीस मिनिटं लागली असती. पण घरी गेलं की पहिली रात्र तंबूत झाली नाही, असाच त्याचा अर्थ होणार होता. शिवाय ओवाळणाऱ्या ताटातली वात अजून विझली नसेल. वरदने अटीचा शब्दन् शब्द आठवून पाहिला. तंबूत झोप, असं आई म्हणाली होती. कुठे, हे ती म्हणाली नव्हती. अट अजून पाळता येण्यासारखी होती. फक्त जागा हवी होती.

सायकल दुकानात राहिली, सामान खांद्यावर आलं, आणि जागेच्या शोधात दुपार गेली. बागेतल्या रखवालदाराने तंबूची पिशवी पाहूनच हात हलवला. शिवा म्हणाला दुकानात झोपा, पण दुकान म्हणजे तंबू नव्हे. शेवटी गावठाणाच्या कडेला, खाडीच्या बाजूला, एक मोकळा प्लॉट सापडला. तिन्ही बाजूंनी पाच-पाच मजली घरं, आणि मधे हा एवढाच तुकडा गवताचा. त्यात एक विजेचा खांब आणि खांबाच्या पलीकडे एक शेवग्याचं झाड. इतक्या गजबजाटात ही एकच जागा मोकळी कशी राहिली, हा प्रश्न वरदला पडायला हवा होता. त्याला उताराचा प्रश्न पडला. झोपताना डोकं खाली यायला नको म्हणून तो गुडघ्यांवर बसला, मोबाइल जमिनीवर ठेवला आणि उतार मोजून वहीत लिहू लागला.

सहा मिनिटांनी पहिला माणूस आला. पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, पायात घरातल्या चपला. हा पंढरी.

"मोजनीला आलास?"

"हो," वरद म्हणाला. "एक पूर्णांक आठ अंश आहे."

"कोनी बोलवला तुला? सितारामनी?"

वरदने सांगितलं की तो सायकलवरून सापुताऱ्याला चाललाय. सायकल कुठं हाय, असं पंढरीने विचारलं. सायकल नव्हती. घर कुठं हाय? जुईनगर. पंढरीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. जुईनगरला पंख्याखाली पलंग असलेला माणूस घणसोलीच्या गवतात तंबू ठोकून झोपतो, याचं त्याला माहीत असलेलं कारण एकच होतं: त्याला कुणीतरी बसवलेला असतो. या भागात मोकळ्या जागेवर आज कापड येतं, उद्या पत्रा येतो, परवा भिंत येते. हे त्याने स्वतः पाहिलं होतं. आणि एकदा, तरुणपणी, केलंही होतं.

तेवढ्यात दुसरा माणूस आला. हा सिताराम, पंढरीचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने पंढरीकडे न बघता वरदला विचारलं की तुला पंढरीनी कितीला ठरवलाय.

पुढच्या दहा मिनिटांत वरदला सगळा इतिहास कळला. बाप गेल्यावर प्लॉट दोघांत निम्मा-निम्मा झाला. पण निम्म्याची रेघ कुठून जाते यावरून बिनसलं, आणि आठ वर्षं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांची घरं समोरासमोर, गच्च्या समोरासमोर, पण बोलणं बंद. म्हणून ना कुंपण झालं ना बांधकाम. प्लॉट मोकळा राहिला तो असा.

"त्याला सांग," पंढरी वरदला म्हणाला, "तंबू माज्या बाजूला आला तर चालंल. त्याच्या बाजूला नाय चालनार."

"त्याला सांग," चार फुटांवर उभा असलेला सिताराम म्हणाला, "माज्या बाजूला आला तर मलापन चालंल."

दोघांना तंबू फक्त आपापल्याच बाजूला चालणार होता, याचा अर्थ तो कुठेच चालणार नव्हता. ऊन उतरायला लागलं होतं. मीनाताईंचा फोन आला. वरद खोटं बोलत नसे. तो फक्त विचारलं तेवढंच सांगत असे. कुठे पोचलास? खाडीच्या कडेला, एक गाव आहे. माणसं कशी आहेत? दोन भाऊ आहेत, खूप चौकशी करतायत. जेवलास का? अजून नाही. हे शेवटचं उत्तर दोन्ही भावांनी ऐकलं, आणि पाव तासात पंढरीची बायको सखू तांदळाची भाकरी नि सुके बोंबील घेऊन आली, तर सितारामकडून नमिता, त्याची सून, कोळंबीचं कालवण घेऊन आली. दोन्ही ताटं समोर ठेवून दोन्ही बाजू तो आधी कशाला हात लावतो ते पाहू लागल्या. वरदने एका हाताने भाकरी उचलली आणि दुसऱ्या हाताने कालवणाची वाटी, एकाच क्षणी. त्यावर सखूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

पोट भरल्यावर वरदला धीर आला. तो म्हणाला, तंबू बरोबर रेघेवर लावतो, निम्मा इकडे, निम्मा तिकडे. फक्त रेघ दाखवा.

"खांब," पंढरी म्हणाला. "खांबापर्यंत माजं. त्याच्या पुढं इंचभर मागत नाय मी."

"शेवगा," सिताराम म्हणाला. "शेवग्यापासून माजं. त्याच्या अलीकडं मीपन मागत नाय."

वरदने टेप काढली. खांब पंढरीच्या अंगाला होता, शेवगा सितारामच्या. मधलं अंतर त्याने तीनदा मोजलं, कारण दोनदा मोजून त्याचा विश्वास बसला नाही.

"एक मीटर सत्तावीस," तो म्हणाला. "ही पट्टी तुमच्यापैकी कुणीच मागत नाहीये."

गच्च्यांवर जमलेली माणसं कठड्यावरून पुढे वाकली. आठ वर्षं पंढरीची खात्री होती की सिताराम खांबाच्या आत घुसतोय. सितारामची खात्री होती की पंढरी शेवगा गिळतोय. प्रत्येकाने आपली रेघ साऱ्या गावाला सांगितली होती, वकिलाला सांगितली होती, देवालाही सांगितली असेल. भावाला तेवढी सांगायची राहिली होती, कारण बोलणं बंद होतं.

"मंग तू भांडत कशाला होतास?" पंढरीने विचारलं. आठ वर्षांनी त्याने भावाला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"तू भांडत होतास म्हनून," सिताराम म्हणाला.

इथे सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण आता पट्टीचं काय करायचं? पंढरी म्हणाला, सितारामला राहू दे, धाकटा हाय. सिताराम म्हणाला, मला उपकार नकोत, थोरल्यालाच घेऊ दे. पंढरी म्हणाला, मी देतोय ते घेत नाय म्हंजे माजा अपमान. पाच मिनिटांत आवाज आधीच्यापेक्षा चढले. रेघेवरून भांडताना ते निदान चार फुटांवर उभे होते. आता एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे होते, आणि दोघेही ती पट्टी नको म्हणत होते. तंबूच्या मेखा हातात घेतलेल्या वरदला कळेना की हा त्याचा दोष मानायचा की शोध.

त्या गोंधळात त्याने निदान तंबू तरी उभा केला. तंबूची रुंदी दोऱ्यांसकट एक मीटर वीस. पट्टीत तो सात सेंटिमीटर राखून बसला. वरद मागची शेवटची मेख ठोकून समोर आला, तर तंबूत कुणीतरी होतं.

आत बायजाबाई बसल्या होत्या. पंढरी-सितारामची आई. वय ऐंशीच्या पुढे, हिरवं लुगडं, गुडघे पोटाशी घेऊन अगदी ऐसपैस.

"आये, भाईर ये," पंढरी म्हणाला. "ह्या पोराचा हाय त्यो."

"तुला पट्टी नको?"

"नको."

"तुला?"

"नको," सिताराम म्हणाला.

"मंग माजी," बायजाबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं मी ह्या गावान बगते. जो बसतो त्याची जमीन. मी बसले."

आणि त्यांनी आतून तंबूची चेन ओढून घेतली. मग पुन्हा उघडली. मग पुन्हा लावली. चेन त्यांना फार आवडली असावी. वरदने मोजलं, अकरा वेळा.

मुलांनी विनवण्या केल्या, सुनांनी केल्या. बायजाबाई हलल्या नाहीत. रातच्याला थंडी पडेल म्हटल्यावर त्यांनी वरदची स्लीपिंग बॅग अंगावर ओढली आणि हे बरं हाय म्हणाल्या. मीनाताईंची कानटोपी त्यांना बरोबर बसली. वरद तंबूच्या दाराशी उकिडवा बसला आणि त्याने आपली अडचण त्यांना सगळी सांगितली: शिबिर, आई, अट, टेम्पो. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती.

"आईस नाय बोलली तर जानार नाय तू?"

"नाही."

"गुनाचा हायस. मंग ये, पाय टाक आत. पन मला लाथ लागता कामा नये."

म्हाताऱ्या माणसाला पाय लागणं वरदलाही परवडणारं नव्हतं. त्याने टेप काढली आणि परवानगी घेऊन आडव्या झालेल्या बायजाबाईंची लांबी मोजायला सुरुवात केली. त्यांनी एक डोळा उघडला.

"मयताचं माप घेतोस काय रं? येळ हाय अजून मला."

मधे वरदची सामानाची बॅग आडवी ठेवायची ठरली, म्हणजे चुकूनही पाय लागणार नाही. सितारामकडून चटई आली, पंढरीकडून चादर. पण म्हाताऱ्या आईला उघड्या प्लॉटवर एकटीला कसं सोडायचं? म्हणून पंढरी खांबाच्या अलीकडे आपल्या हद्दीत खाट टाकून आडवा झाला आणि सिताराम शेवग्याच्या पलीकडे आपल्या हद्दीत. वरद मधे, पट्टीवर. आठ वर्षांचं साचलेलं बोलणं त्याच्या अंगावरून इकडून तिकडे जाऊ लागलं. बापाची होडी कुणी विकली. माज्या रूपेशच्या लग्नात तू का नाय आलास. पत्रिकाच नाय दिलीस. दिली होती, तुज्या दारातल्या कुत्र्यानी फाडली. मग बराच वेळ ते कुत्र्याबद्दल बोलले, आणि दोघेही इतके हसले की तंबूतून म्हातारीने गप्प बसायला सांगितलं. वरद कधी झोपला ते त्याला कळलंच नाही.

सकाळी सात वाजता शिवा सायकल आणि तिची नवी पट्टी घेऊन प्लॉटवरच आला. तो सायकल जोडत असताना मीनाताईंचा फोन आला. झोप कशी झाली? छान झाली. थंडी? चादर होती. एकटाच होतास? नाही, एक आजी होत्या. मीनाताईंचा आवाज मऊ झाला. आता पुढे कुठे, असं त्यांनी विचारलं.

"आधी ठाणे लागेल," वरद म्हणाला.

मीनाताईंना हिशेब जुळेना.

"ठाणे मागे गेलं ना रे?"

"नाही. अजून यायचंय."

"वरद, आहेस कुठे तू?"

"घणसोली."

मागे जयप्रकाशरावांचा आवाज आला, टेम्पोला फोन लावू का म्हणून. मीनाताई त्यांना थांबा म्हणाल्या. वरदला चौदा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली आणि त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नऊ किलोमीटर आलास," मीनाताई शेवटी म्हणाल्या, "आणि घरी नाही आलास?"

"नाही."

"कुठे झोपायचं ते मी म्हटलं नव्हतं, हे खरं आहे. तंबूत झोपलास ना पण? खरं सांग."

"झोपलो. रात्रभर."

"मग जा पुढे. आणि त्या आजींना नारळ दे."

वरदने नारळ दिला, फोन खिशात ठेवला, वही काढली आणि पहिल्या रात्रीची नोंद लिहिली:

तंबूची आतली लांबी २१० सेंटिमीटर. बायजाबाई १४३. बॅग २४. मी ४३.