आण्णांचं ऑल इंग्लंड

मार्च महिन्यात सांगलीत पंखा बंद करून बसणारा माणूस एक तर तापानं फणफणलेला असतो, नाहीतर आमचे शेजारी आण्णा मगदूम असतात. टीव्हीवर ऑल इंग्लंड बॅडमिंटन लागलं की आण्णा उठून पंख्याचं बटण बंद करतात. "वाऱ्यानं फूल हालतंय रं!" फूल म्हणजे शटल. मॅच इंग्लंडात, पंखा सांगलीत. पण आण्णांपुढे बोलायची सोय नाही.

आण्णांची हळदीची अडत आहे. हळदीचा भाव विचारायला आलेल्या माणसाला आधी या स्पर्धेचा इतिहास ऐकावा लागतो. खेळाचे नियम पुण्यात बांधले, साहेबानं ते बोटीतून नेले, मग लंडनात स्पर्धा भरली. पहिल्या साली नुसती दुहेरी, एकेरी पुढच्या साली. "आधी जोडीदार, मग एकटा. लय शानी मानसं!" महायुद्धांत स्पर्धा बंद पडली हे सांगताना तर घरचं लग्न मोडल्यासारखा चेहरा करतात.

तरुणपणी आण्णा रिकाम्या गोदामात प्लॅस्टिकच्या फुलानं झकास खेळायचे. जिल्ह्याच्या सामन्यात पिसांचं फूल हातात आलं. ती पिसं बदकाची असतात हे कळलं आणि त्यांनी रॅकेट खाली ठेवली ती कायमची. सूर्य मावळायच्या आत जेवणारं, पाणी गाळून पिणारं जैन घर ते. त्यांची समजूत घालायला कुणी गेलंच नाही.

यंदा त्यांची नात श्रुती साताऱ्याच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. तिथं खेळ पिसांच्या फुलाचाच. "आज्जा नको म्हणाले तर मी जाणार न्हाई," म्हणून पोरगी कोपऱ्यात बसली. तेवढे दिवस अडतीवर येणाऱ्यांना नुसता भाव कळला, इतिहास नाही. शेवटी आण्णा तिला म्हणाले, "खेळ तू. जे काय पाप लागंल, ते माजं."

एकाचं कर्म दुसऱ्याला घेता येत नाही, हे देवळात जन्मभर ऐकलेला माणूस हे बोलला.

सोबतीला मीही साताऱ्याला गेलो. श्रुती पहिला सामना जिंकली. मी डबा उघडला, तर आण्णा म्हणाले, "भूक न्हाई." दुसऱ्या दिवशी ती परत जिंकली. आण्णांचं उत्तर तेच. नुसते उकळलेल्या पाण्याचे घोट. तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ सुकलेले पाहून मी चिडलोच. "आण्णा, हे काय चाललंय?"

"हळू बोल. तिला कळाय नगं," ते म्हणाले. "ती खेळतीया तवर माजा उपास हाय."

मी डबा परत पिशवीत ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "म्हणजे ती हरली की तुम्ही जेवणार!"

समोर श्रुती सर्व्हिस करायला उभी राहिली होती. आण्णांनी माझा हात घट्ट धरला.

"आसं वंगाळ बोलू नगं गड्या. फायनलपत्तूर जाऊ दे की तिला."