केळींना वाचून दाखवणारे बस्त्याव काका

आम्ही निर्मळला राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, शेजारी कुणीतरी मतदार यादी वाचतंय. ठणठणीत आवाजात एकामागून एक नावं येत होती. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, आणि प्रत्येक नावानंतर असा थांबा, की जणू तो माणूस उभा राहून ‘हजर’ म्हणणार आहे. मी चहाचं आधण ठेवून ओळखीचं एखादं नाव येतंय का ते ऐकत राहिले. आमचे हे दाढी करता करता म्हणाले, "आपण कालच आलोय. आपलं नाव पुढच्या यादीत."

ते बायबल होतं, आणि वाचणारे आमचे शेजारी बस्त्याव काका. प्राथमिक शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. उंच, वाळके, अंगात पांढरा सदरा आणि गुडघ्याखाली येणारी अर्धी चड्डी. रोज सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून ते बायबल मोठ्याने वाचतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळीने. शेवटचं पान झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं. मधलं काही गाळायचं नाही. मी एकदा सुचवून पाहिलं, की काका, त्या वंशावळ्या तेवढ्या सोडल्या तर गल्लीला जरा झोप मिळेल.

"का गं बाय? त्या लोकांनी तुझं काय घोडं मारलंय? नाव लिहिलंय म्हणजे माणूस होता."

मला वालीवला कारखान्याच्या ऑफिसात वेळेवर पोचायचं असतं, त्यामुळे वाद घालायला सवड नसते. हळूहळू त्यांच्या वाचनावर माझं घड्याळ लागलं. धडा संपला की कुकर उतरवायचा आणि शेवटची प्रार्थना सुरू झाली की स्कूटर काढायची.

काकांचा सगळा राग एका गोष्टीवर, चुकीच्या वाचनावर. "अक्षर गिळू नको, पोटात दुखेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानाच्या पाटीवर काना राहिला असेल तर ते आत जाऊन दुकानदाराला सांगून येतात आणि जे घ्यायला गेलेले असतात ते विसरतात. लग्नपत्रिका द्यायला आलेल्या माणसाला ओट्यावर बसवून ती त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतात. आमच्या ह्यांनी एकदा त्यांना बँकेचा मेसेज वाचून दाखवला, तर काका म्हणाले, "पैसे गेले ते गेले, पण ‘खात्यातून’ म्हणा, ‘खात्तून’ काय?" रविवारी चर्चमध्ये ते पहिल्या बाकावर बसतात, आणि वाचन करणाऱ्या पोरीबाळी त्यांच्याकडे न बघता वाचतात म्हणे.

चर्चला इथले लोक देऊळच म्हणतात. हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या रविवारी काका म्हणाले, "देवळात चाललोय," तर मी धावत जाऊन त्यांच्या हातात नारळ आणि सुटे पैसे ठेवले, की माझ्यातर्फे एवढा फोडा. काका दोन क्षण नारळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि खरोखर घेऊन गेले. त्या नारळाचं फादरनी काय केलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

पण सगळ्यांत विचित्र होती ती त्यांची बसण्याची तऱ्हा. माणूस मोठ्याने वाचतो तर निदान रस्त्याकडे तोंड करून बसेल. काकांची खुर्ची रस्त्याकडे पाठ करून. तोंड पलीकडच्या कुंपणाकडे, आणि त्या कुंपणाला लागून केळींची दाट रांग. पावसातसुद्धा छत्री खांद्याला टेकवून तिथेच. कुणाच्या वाडीत पाण्याचा पंप सुरू झाला की पानावर बोट ठेवून थांबायचे, बंद झाला की पुढे.

"काका, तिकडे तोंड करून कुणाला वाचून दाखवता?"

"केळींना. ऐकलं की चांगल्या पोसतात."

मी म्हटलं, असेल बाई, मास्तर माणूस, समोर वर्ग लागतो. मग एकदा सलग काही दिवस वाचनच झालं नाही. माझी सकाळ पार विस्कटली, कुकर करपला. मी आमच्या बाजूच्या कुंपणाशी जाऊन विचारलं, तर काका खुर्ची आत नेत म्हणाले, "केळी गावाला गेल्यात." केळी जागच्या जागी उभ्या होत्या, एकीला तर नुकतंच केळफूल आलेलं. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "काकांचं वय झालं हो." आठवड्याने केळी गावाहून परत आल्या असाव्यात, कारण वाचन पुन्हा सुरू झालं.

त्या वाचनाच्या शेवटी काका प्रार्थना म्हणायचे, येशूने शिकवलेली, सगळ्या ख्रिस्ती घरांत म्हणतात ती. रोज ऐकून ती मला आरतीसारखी पाठ झाली. मधे एका जागी काका खोकायचे, तर तो खोकलासुद्धा मला पाठ. मग गल्लीतल्या एका मुलीच्या लग्नाला आम्ही चर्चमध्ये गेलो. सगळ्यांनी ती प्रार्थना सुरू केली, मीही मोठ्या ऐटीत सूर मिसळला, आणि मधेच आपटले. मला ठाऊक नसलेली एक ओळ होती तिथे. आमच्या अपराधांची क्षमा कर, अशी. ती रोज खोकल्यात जायची. पुढचं, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो ते, काका खणखणीत म्हणायचे. मागण्याच्या वेळीच नेमका घसा धरायचा.

मला कुठे राहवतंय? दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढायच्या आधी आमच्या कुंपणाशी गेले. "काका, आम्हाला म्हणता अक्षर गिळू नका, आणि तुम्ही अख्खी ओळ गिळता."

काकांनी बायबल मिटलं. मला वाटलं आता ओरडतील. पण ते अगदी हळू म्हणाले, "ज्याच्याकडे मागायची त्याच्याकडे मागितली नाय, बाय. मग देवाकडे कशी मागू? देवाशी खोटं नाय बोलायचं." आणि खुर्ची उचलून आत गेले.

बाकीचं मला त्यांच्या बायकोने, मारी काकींनी सांगितलं, वालाच्या शेंगा सोलता सोलता.

केळींच्या पलीकडे जे कौलारू घर आहे ते काकांच्या धाकट्या भावाचं, जुजे काकांचं. जुजे काकांचे डोळे काचबिंदूने गेलेले, बायको देवाघरी, मुलगा विल्सन फुलपाड्याला फ्लॅटमध्ये. जुजे काकांना मी अधूनमधून ओट्यावर बसलेलं पाहिलं होतं. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हेही कानावर होतं. पण कशावरून, ते काकींकडून कळलं.

त्यांची आई वारली तेव्हाची गोष्ट. चर्चमधल्या प्रार्थनेत स्तोत्र वाचायचं बस्त्याव काकांचं ठरलेलं. मास्तर, थोरला, आवाज चांगला. पण ऐन वेळी जुजे काका उठून पुढे गेले. धाकटा, आईचा लाडका, त्यालाही काहीतरी करावंसं वाटलं असणार. पुस्तक पार नाकाशी धरलं आणि परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, त्या ठिकाणी वाचलं, "परमेश्वर माझं मेंढरू आहे."

"सगळं देऊळ हसलं गं," काकी म्हणाल्या. "आईची पेटी समोर, आणि लोक तोंडाला रुमाल लावून हसतायत."

बाहेर अंगणात आल्यावर बस्त्याव काकांचा तोल गेला. सगळ्या गावासमोर ते भावाला म्हणाले, "डोळे फुटलेत काय तुझे?"

जुजे काका अंगणाची पायरी चाचपत उतरले आणि घरी गेले. पुढे काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, की डोळे केव्हापासूनच जात होते, यांनी कुणाला कळू दिलं नाही. आता उपाय नाही.

"तेव्हापासून हे ओट्यावर वाचतात," काकी म्हणाल्या. "आधी आत बसून वाचायचे, मनातल्या मनात. जुजेला वाचायची भारी आवड होती ना. मी त्याला रोज डबा नेऊन देते, तर हे मला विचारतात, जेवला काय? पण स्वतः कुंपण ओलांडणार नाय. तोंड नाय म्हणतात मला, त्याच्यासमोर जायला."

"आणि ते केळी गावाला गेल्या होत्या, तेव्हा?"

"जुजे फुलपाड्याला होता, पोराकडे. डोळे दाखवायला."

मी शेंगा तशाच ठेवून उठले. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि काकींसमोर दोन्ही नको होतं.

मग गेल्या उन्हाळ्यात विल्सनने ठरवलं, की बापाला एकट्याला इथे ठेवायचं नाही, कायमचं फुलपाड्याला न्यायचं. येत्या रविवारी टेम्पो येणार. मुलाचं काही चुकत नव्हतं. पण फुलपाडा म्हणजे विरार पूर्वेला, तिथपर्यंत माणसाचा आवाज कसा जाणार?

त्या आठवड्यात काकांनी जे वाचलं, त्याला वाचन म्हणणं कठीण आहे. सकाळी वाचलं, दुपारी वाचलं, संध्याकाळी वाचलं. आवाज असा लावला, की रस्त्यावरचा फुलांच्या टोपल्या नेणारा सायकलवाला उतरून बघायला लागला. ओळीने वाचायचा नेमही मोडला. घरी परतून बापाची माफी मागणाऱ्या उधळ्या मुलाची गोष्ट दिवसातून तीनदा. भावाशी समेट करून मगच देवापुढे ये, तो भाग तर इतक्या वेळा, की आमच्या ह्यांनी गावाकडे आपल्या थोरल्या भावाला फोन लावला. बाकी सगळं वाचलं काकांनी. फक्त कुंपणाच्या पलीकडे जाऊन ते एक वाक्य बोलणं त्यांना जमेना.

शनिवारी सकाळी ओटा गप्प. घसा पूर्ण बसला होता. डॉक्टरने सांगितलं होतं, तोंड बंद, एक शब्द नाही. मी आलं-ज्येष्ठमधाचा काढा घेऊन गेले, तर काका नेहमीच्या खुर्चीवर, नेहमीच्या दिशेला तोंड करून, मिटलेलं बायबल मांडीवर. डोळे भरलेले. शाळेत ओरडून ओरडून गेला नाही तो आवाज आता, उद्या टेम्पो यायचा असताना गेला. मला फार वाईट वाटलं. काढ्याचा पेला हातात देऊन मी काकींपाशी पायरीवर बसले.

तेवढ्यात केळींत खसखस झाली. एक काठी बाहेर आली, मग एक हात, एकेक खोड चाचपत, आणि मग जुजे काका. काकींच्या डब्याच्या वाटेने आले. कपाळाला केळीचं वाळकं पान चिकटलेलं. काकी उठायला लागल्या, तर बस्त्याव काकांनी हाताने थांबवलं.

जुजे काका ओट्यासमोर उभे राहिले. त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होते, ती मला आता बऱ्यापैकी कळते. म्हणाले, "आज वाचन नाय. म्हटलं, मीच वाचतो." मग काठी दोन्ही हातांनी धरून, ताठ उभे राहून, पाठ असलेलं म्हणायला लागले. "परमेश्वर माझं मेंढरू आहे."

बस्त्याव काकांचे ओठ हलले, आवाज नाही.

"परमेश्वर माझं मेंढरू आहे," जुजे काका पुन्हा म्हणाले, जरा जोरात.

"मेंढपाळ," खुर्चीतून आलं. नुसता वारा, पण अक्षर एकही गिळलेलं नव्हतं.

"माहितीये रे," जुजे काका म्हणाले. "तू बोलतोस काय, ते बघत होतो."

बस्त्याव काका उठले. पेला कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना, तो मी घेतला. ओटा उतरून ते भावासमोर गेले, आणि त्याच फाटक्या आवाजात म्हणाले, "जुज्या, डोळ्यांचं मी बोललो ते... मला माफ कर."

जुजे काकांनी कान पुढे केला. "काय? मोठ्याने बोल. केळींना ऐकू जाऊ दे."

म्हणजे म्हाताऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. काकांनी पुन्हा म्हटलं, जमेल तेवढ्या मोठ्याने. जुजे काकांनी हात पुढे करून भावाचा चेहरा चाचपला आणि म्हणाले, "केव्हाच केलंय. तू रोज वाचत होतास ना, मी रोज ऐकत होतो." मग दोघे म्हातारे तिथेच रडले, आणि पायरीवर आम्ही दोघी.

टेम्पो रविवारी आलाच. जुजे काका फुलपाड्याला गेले, बरोबर मारी काकींनी दिलेला केळ्यांचा घड. घसा सुटल्यावर काकांची खुर्ची पुन्हा ओट्यावर आली, तोंड अजून केळींकडेच, पण शेजारी स्टुलावर मोबाईल असतो, स्पीकर चालू करून. मी म्हणते, एवढ्या आवाजाला फोन कशाला लागतो. हल्ली तर वाचता वाचता घाईत एखादा शब्द सांडला, की फोनमधून आवाज येतो, "बस्त्या, अक्षर गिळू नको." काका तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात आणि ओळ पुन्हा वाचतात.

शेवटची प्रार्थना दोघे मिळून म्हणतात. ती ओळ आली की मी अजून सवयीने स्कूटरच्या किल्ल्या हातात धरून थांबते. खोकला येत नाही. फुलपाड्याचा आवाज फोनमधून किंचित मागून येतो, त्यामुळे आमच्या गल्लीत ती ओळ आता दोनदा ऐकू येते.