ताप लपवणारी भट्टी

डॉ. मुकुंद खांबेटे यांच्या घरातली सोल्डरिंगची भट्टी स्वतःचा ताप त्यांच्यापासून लपवत असे.

मिरजेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती ठेवलेली होती. स्वस्तातली होती. पुढं ओढायचा, काच लावलेला एक ड्रॉवर, आकडे दाखवणारी छोटी खिडकी आणि एक हिरवा दिवा, एवढाच तिचा संसार. सर्किट बोर्डावर सोल्डरची राखाडी पेस्ट लावायची, तिच्यावर चिमट्यानं एकेक भाग मांडायचा आणि बोर्ड आत सरकवायचा. एकशे त्र्याऐंशी अंशांना पेस्ट वितळते. दोनशे पंधराला भट्टीनं आपण होऊन थांबायचं. त्याच्या वीसेक अंश पुढं गेली, तर नाजूक भाग आतल्या आत मरतात आणि वरून काही कळत नाही.

खांबेट्यांकडे असा नाजूक भाग एकच होता. त्यांच्या पत्नीचं, शरयूबाईंचं, छातीशी अडकवायचं जुनं श्रवणयंत्र मे महिन्यात बंद पडलं होतं. नवी यंत्रं त्यांनी कानात घालून पाहिली होती आणि रिकाम्या पिंपात बसल्यासारखं वाटतं म्हणून काढून ठेवली होती. जुन्या यंत्रातली चिप आता कुणी बनवत नव्हतं. शेवटची एक खांबेट्यांनी चार महिने पत्रव्यवहार करून मिळवली होती आणि काड्यापेटीत, कापसावर, ठेवली होती. नवा बोर्ड त्यांनी स्वतः आखला होता. आता फक्त भाजायचा होता.

सरावाचे बोर्ड मात्र एकामागून एक करपत होते. खिडकीत दोनशे चौदा दिसे आणि बोर्ड तपकिरी होऊन बाहेर येई. खांबेट्यांनी चौतीस वर्षं धातुशास्त्र शिकवलं होतं, कथिल आणि शिसं एकत्र कसं वितळतं यावरच त्यांचा प्रबंध होता, त्यामुळे चूक आपलीच असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. पेस्ट जुनी असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल, प्रबंधच मुळात चुकला असेल. तीन आठवडे ते स्वतःला तपासत राहिले.

मग एका सकाळी, भट्टी नुकतीच थांबली असताना, ते हात धुवायला बाथरूममध्ये गेले आणि शरयूबाईंनी भट्टीकडे पाहिलं. खिडकीत दोनशे अडतीस होतं. खांबेटे टॉवेल घेऊन बाहेर आले, तसा आकडा चटकन दोनशे चौदावर आला.

थांबायचा आकडाच कमी ठेवून बघावा, हे खांबेट्यांना सुचलं नव्हतं असं नाही. पण फरक ठरलेला नव्हता. ते खोलीबाहेर गेले की शरयूबाई खरा आकडा टिपून ठेवत; सोमवारी फरक अकरा होता, बुधवारी चोवीस. खांबेटे जितके काळजीत, तितकी भट्टी जास्त लपवी. आणि स्वतः जो आकडा दाखवी, त्यालाच ती थांबे.

त्यांनी मापपडताळणी कार्यालयात अर्ज केला. आठव्या दिवशी तिथल्या निरीक्षक रेहाना तांबोळी आल्या. पिशवीत सीलबंद तापमापी, शिक्का आणि चार पानी फॉर्म.

"कधीपासून लपवते, सर?"

"आणल्यावर पहिला आठवडा बरी होती. कदाचित माझंच बघण्यात..."

"म्हणजे घरात रुळल्यावर लपवायला लागली." त्यांनी लिहून घेतलं. "जबाब घेऊ. दिवा एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही." त्या भट्टीकडे वळल्या. "आकडा कमी दाखवतेस?"

दिवा एकदा लागला.

"कुणाचं नुकसान करायचं म्हणून?"

दोनदा लागला.

"सरांनी काळजी करू नये म्हणून?"

दिवा एकदा लागला आणि बराच वेळ विझला नाही.

"आता काकू. मी लिहून देते, तेवढं वाचा." त्यांनी कागदावर लिहिलं: खिडकीत काय दिसतं ते सरांना सांगा. खांबेट्यांना पाठमोरं उभं केलं आणि भट्टी तापवली. खिडकीत एकशे बासष्ट होतं. सीलबंद तापमापीतही तेवढंच.

"एकशे पंचावन्न," शरयूबाई म्हणाल्या.

तांबोळीबाईंनी पुन्हा कागद पुढं केला: सात कमी का?

शरयूबाईंनी तो वाचला आणि पदर सारखा केला. "यांना कधी एकदम सांगत नाही मी. रेवतीचे बारावीचे मार्कसुद्धा दोन दिवसांनी सांगितले होते."

"कमी होते?" तांबोळीबाईंनी लिहिलं.

"नाही हो, बोर्डात आली होती. पण एकदम नको."

खांबेटे भिंतीकडे तोंड करून हे ऐकत होते. रेवती, त्यांची मुलगी, आता बंगळुरूला होती आणि रोज फोनवर सगळं ठीक असल्याचं सांगत होती. तिचा फरक किती अंशांचा असेल, याचा ते विचार करू लागले.

"यंत्रात दोष नाही," तांबोळीबाई म्हणाल्या. "घरचं वळण उचललंय तिनं. कवलापूरला एक काटा आहे, मालकाची सून जेवायला बसली की तिचं ताट हलकं दाखवतो. असल्या यंत्राचे स्क्रू पिळून उपयोग नसतो. दोन बिंदूंची पडताळणी करावी लागेल."

"शून्याला बर्फ आणि शंभराला उकळतं पाणी," खांबेटे म्हणाले. हे त्यांना येत होतं.

"ती साध्या यंत्रांना. इथं शंभराला एक लहान खरी गोष्ट आणि दोनशेला एक मोठी. तुमच्यापासून लपवलेली. काकू सांगतील, तुम्ही भट्टीसमोर उभं राहून ऐकायची. खुर्ची घ्यायची नाही. तुम्हाला सोसतं हे तिला दिसलं, तर ती खरं दाखवेल."

"आणि मला सोसलं नाही तर?"

"तर तसा शेरा मारावा लागेल, सर."

शरयूबाईंना सगळं लिहून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. खांबेट्यांनी मान हलवली. भट्टी सुरू झाली. सीलबंद तापमापी शंभरावर आली, तेव्हा खिडकीत त्र्याण्णव होतं.

"तुमच्या हातचे पोहे खारट होतात," शरयूबाई म्हणाल्या. "रविवारचे. निवृत्त झाल्यापासून."

"प्रत्येक वेळी?"

त्यांनी ओठ वाचले. "एकदा मीठ विसरला होतात, तेव्हा बरे झाले होते."

खांबेट्यांनी हिशेब केला. चौदा वर्षांचे रविवार होते. त्यांना वाईट वाटलं, पण ते उभे राहिले. खिडकीतला आकडा त्र्याण्णववरून सत्त्याण्णव झाला, मग शंभर. तांबोळीबाईंनी खूण केली.

दोनशेला वेळ लागला. तापमापी तिथं पोचली, तेव्हा खिडकीत एकशे ऐंशी होतं. शरयूबाईंनी टेबलावरचा चिमटा उचलून परत ठेवला.

"डावा कान पूर्ण गेलाय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. उजवा वर्ष-दीड वर्ष टिकेल, त्यापुढं यंत्राचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. रेवतीला माहीत आहे. तुम्ही चिपच्या मागं लागला होतात. मग कसं सांगणार?"

खिडकीत अजून एकशे ऐंशीच होतं. खांबेट्यांचा हात टेबलाच्या कडेकडे गेला आणि तिथवर न पोचता परत आला. ते म्हणाले, "आणि रात्री मी डावीकडे बसून मोठ्यानं वाचून दाखवतो ते?" मग पत्नीला ऐकू येत नाही हे आठवून त्यांनी ते कागदावर लिहिलं.

"तोंडाकडं बघून थोडं कळतं. बाकी मी हं म्हणते."

खांबेट्यांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला. त्यांनी पाणी मागितलं नाही. आपलंच काही चुकलं असेल, असंही ते म्हणाले नाहीत. "बरं," ते म्हणाले. मग शरयूबाईंना दिसावं म्हणून सावकाश, तोंड नीट उघडून, पुन्हा म्हणाले, "बरं."

खिडकीतला आकडा चढू लागला. एकशे त्र्याऐंशी, एकशे नव्वद, एकशे सत्त्याण्णव. दोनशेवर येऊन तो तापमापीशी जुळला आणि तिथंच राहिला.

"आता प्रत्यक्ष कामाची फेरी," तांबोळीबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपली तापमापी पिशवीत घातली. "हिच्याच शब्दावर करायची. त्याशिवाय दाखला देता येत नाही."

भट्टी थंड होईपर्यंत तिघांनी चहा घेतला. मग खांबेट्यांनी काड्यापेटी उघडली. चिप पेस्टवर मांडली आणि ड्रॉवर आत सरकवला. दीडशेवर त्यांनी दीड मिनिट जाऊ दिलं. एकशे त्र्याऐंशीला काचेआड पेस्ट चमकली. दोनशे पाच. दोनशे दहा. आकडा भट्टीचा होता आणि त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. दोनशे पंधराला ती थांबली. त्यांनी ड्रॉवर बोटभर उघडला. बोर्ड हिरवाच होता.

तो हाताला सोसेल इतका निवल्यावर त्यांनी यंत्रात बसवला, सेल घातला आणि तारेचं टोक शरयूबाईंच्या उजव्या कानात दिलं. शरयूबाईंनी बटण फिरवलं आणि ओढणी बाजूला घेणाऱ्या तांबोळीबाईंकडे मान वळवली. "तुमच्या बांगड्या वाजतात," त्या म्हणाल्या.

फॉर्मचं शेवटचं पान उरलं होतं. भट्टी निवताना उतरणारे आकडे चाळीसपर्यंत नोंदवायचे होते. एकानं वाचायचे, दुसऱ्यानं लिहायचे.

दीड वर्षात सांगायचं म्हणून खांबेट्यांच्या मनात बरंच काही होतं, पण त्या क्षणी त्यातलं एकही आठवेना. म्हणून त्यांनी खुर्ची पत्नीच्या उजवीकडे ओढली आणि आकडे वाचू लागले.

"शहाण्णव."

शरयूबाईंनी लिहिलं. त्यांच्या तोंडाकडं न बघता.

"एक्क्याण्णव."

"जरा सावकाश. पळून नाही जात मी."

"शहाऐंशी."

चाळीस आल्यावर तांबोळीबाईंनी शिक्का मारला, चपला घातल्या आणि दार अलगद ओढून घेतलं.

"पुढं?" शरयूबाईंनी विचारलं.

"संपलं. चाळीसच्या खाली लिहायचं नाही."

"नका लिहू. म्हणा तरी."

खांबेटे म्हणू लागले. एकोणचाळीस. अडतीस. मधे बराच वेळ जाई, तोवर दोघं खिडकीकडे बघत बसत. चौतीस. एकतीस. भट्टी खोलीइतकी निवली आणि आकडा हलेनासा झाला.

"एकोणतीस," खांबेटे म्हणाले.

"हं," शरयूबाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "एकोणतीस."