बॉनेटखालचे इंजिन

अमेरिकेतल्या टोलिडो या जीप बनवणाऱ्या शहरात महायुद्धातल्या जीपविषयी दोन प्रकारची माणसे बोलतात: माझ्याइतके ठाऊक असणारी, आणि उरलेले सगळे गाव. पहिल्या प्रकारात सध्या मी एकटाच आहे.

यंदा आमच्या मंडळाच्या लघुप्रतिकृती स्पर्धेत मी बोटभर लांबीची जीप मांडली. तिचे इंजिन घडवण्यात माझा सबंध हिवाळा गेला होता. लवंगेएवढे, पण वायरी, पट्टा, पंखा, वंगणाची काजळी, सगळे प्रमाणशीर! आदल्या दिवशी मी बॉनेट चिकटवून टाकले. विद्वत्ता मिरवायची नसते, ती इतरांनी विचारायची असते.

कोणी विचारले नाही. परीक्षक ओपलबाईंनी आरसा धरून गाडीचे पोट तपासले आणि पहिला क्रमांक वेंडेल क्रूस या दातांच्या डॉक्टरला दिला. त्याच्या बॉनेटखाली शुद्ध पोकळी असते, हे तो स्वतःच सांगतो.

"आणि माझे इंजिन?" मी विचारले.

"दिसलं तर गुण, प्रोफेसर. नियमच आहे तसा."

"म्हणजे जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही?"

"जाऊ द्या हो," वेंडेल म्हणाला. "असेल आत. आम्ही मानतो."

मानतो! ज्ञानाचा याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही. पुरावा आणि श्रद्धा यांतील भेदावर मी एक छोटेखानी व्याख्यान दिले आणि शेवटच्या वाक्याला पाते घालून बॉनेट उचकटले.

आत वेंडेलच्या तोडीची शुद्ध पोकळी होती. रंग वाळावा म्हणून स्वयंपाकघरातल्या बशीत ठेवलेले इंजिन बसवायचेच राहिले होते.

"फारच बारीक केलंय हं," वेंडेल भिंग लावून म्हणाला.

घरी बशी घासून पालथी घातलेली. "त्यात इंजिनबिंजिन काही नव्हतं," माझी पत्नी लॉर्ना म्हणाली.

मंडळाच्या रिवाजानुसार हरलेल्याने विजेत्याला रविवारी जेवू घालायचे असते. लॉर्नाने लवंगा टोचून भाजलेले हॅम वाढले. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलेले संपवले तोच वेंडेल चावता चावता थांबला, तोंडातून काहीतरी काढून त्याने भिंगाखाली धरले.

"वहिनी, या लवंगेला पट्टा आहे."

"अगंबाई! बशीत पडली होती. म्हटलं, यांनीच सांडली असेल."

वेंडेल बराच वेळ पाहत राहिला. "प्रोफेसर, चारही वायरी जागच्या जागी आहेत. पुढच्या वर्षी बॉनेट उघडं ठेवा. मी दुसरा येईन."

माझा एकही ग्रंथ आजवर कोणी इतका चावून वाचलेला नाही. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

"फक्त पंखा दिसत नाही," वेंडेल म्हणाला.

मी माझ्या ताटाकडे पाहिले. ते रिकामे होते.