स्वच्छ चादर

चिमट्यात धरलेलं वजन पारड्यावर टेकण्याआधी क्षणभर हवेत थांबतं. हात स्थिर असला तर ते थांबणं दिसतही नाही. दादांच्या चिमट्यातलं वजन मात्र तेवढ्यात पारड्याच्या कडेला दोनदा लागलं आणि काचेच्या पेटीत बारीक किणकिण झाली. काटा शून्याच्या आजूबाजूला घुटमळत राहिला, बसायला जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा.

"वारा आहे," दादा म्हणाले.

धाकट्याने उठून खिडकी लावली. पंखा आधीच बंद होता आणि दाराच्या फटीत फडकं कोंबलेलं होतं. गेलं वर्षभर त्या कार्यशाळेत वाऱ्याला प्रवेश नव्हता. तरीही तो दादांच्या उजव्या हातापाशी रोज वेळेवर हजर होत असे.

दोघे भाऊ वजनकाटे दुरुस्त करून तपासून देत. बारीक काटे, म्हणजे औषधांच्या दुकानांचे आणि प्रयोगशाळांचे, दादांकडे. मोठे काटे, म्हणजे बटाटे आणि सिमेंटचे, धाकट्याकडे. धाकट्याची चूक झालीच, तर कोणाच्या तरी पिशवीत एखादा बटाटा जास्त जाई. दादांची चूक झाली, तर कोणाच्या तरी पोटात काय जाईल याचा धाकटा विचार करत नसे. म्हणजे दिवसभर तोच विचार करत असे. मागच्या महिन्यात एका औषधवाल्याने काटा परत आणून ठेवला होता. "घाई नाही, पण पुन्हा एकदा बघा," इतकंच तो म्हणाला आणि दादांकडे न बघता निघून गेला.

दादांना आता थांबवायला हवं, हे धाकट्याने केव्हाच ठरवलं होतं. फक्त सांगायचं राहिलं होतं. सकाळी सांगावं तर दादा नुकते उठलेले असत, दुपारी जेवलेले असत आणि संध्याकाळी दमलेले असत. पन्नाशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, थोरल्या भावाच्या घरात राहणारा माणूस; त्याला भावाशी बोलायला चौथा प्रहर उरत नव्हता.

अशात पुतण्याचा, म्हणजे दादांच्या मुलाचा, त्याच्या नोकरीच्या गावाहून फोन आला.

"काका, संध्याकाळी काय करता?"

"बसतो."

"मग एक फुटबॉल लीग आहे, ती खेळा."

"माझे गुडघे तुला माहीत आहेत ना?"

"ऑनलाइन आहे, काका. सामने कॉम्प्युटर खेळतो. आपण संघ निवडायचा आणि बघत बसायचं."

यातही बसायचंच आहे म्हटल्यावर धाकट्याला नाही म्हणायला कारण उरलं नाही. नव्या माणसाला पहिला हंगाम नवख्यांच्या विभागात काढावा लागे. नाव नोंदवताना मेलचा पत्ता मागितला, तेव्हा त्याने दुकानाचा दिला, कारण पाठ असलेला पत्ता तेवढाच होता. मग खेळाडूंची नावं मागितली. धाकट्याला एकाही फुटबॉलपटूचं नाव खात्रीने लिहिता येईना, म्हणून त्याने घरातली माणसं उतरवली. येईल ते आधी अडवायचं आणि मग विचार करायचा हा दादांचा स्वभाव. ते गोलकीपर झाले. वहिनींना कोणी अडवू शकत नसे, म्हणून त्या आघाडीला. मधल्या फळीत ताई, म्हणजे दोघा भावांची बहीण. इकडचं तिकडे पोचवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ताईचे यजमान बचावफळीत, कारण लग्न झाल्यापासून ते तिथेच होते. स्वतःचं नाव त्याने राखीव गोलकीपर म्हणून टाकलं आणि बाकावर ठेवून दिलं.

हंगाम सुरू झाला. वहिनींनी गोल मारले, पण दादांनी त्याहून जास्त खाल्ले. संघ तळाला गेला आणि तिथे त्याला बरं वाटत असावं, कारण तो वर आला नाही. लीगच्या गप्पांच्या पानावर 'वाघोबा' नावाचा एक प्रतिस्पर्धी होता. त्याने लिहिलं, "तुमचा दादा गोलकीपर आहे की स्वागत समिती?"

"वय झालंय त्यांचं," धाकट्याने उत्तर दिलं.

"मग काढा ना त्याला. राखीव गोलकीपर बरा दिसतोय."

"असं एकदम कसं सांगणार?"

"कोणाला सांगणार? अहो, तो माणूस नाही. आकडा आहे."

"आकडा असला तरी दादा आहे," धाकट्याने लिहिलं.

लीगचं मूळ पान इंग्रजीत होतं. मराठी भाषांतर कोणा यंत्राने केलं होतं, आणि त्या यंत्राला फुटबॉल येत नव्हता, मराठीही बेताचीच येत होती. एकही गोल न खाता सामना संपवला, की इंग्रजीत त्याला स्वच्छ चादर म्हणतात; यंत्राने ती चादर जशीच्या तशी मराठीत आणून अंथरली. खेळाडूला संघातून मोकळं करणं म्हणजे त्याच्या भाषेत मुक्ती. धाकट्याला याची सवय झाली होती. पण हेच सगळं दर आठवड्याला दुकानाच्या मेलवरही जात होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. दुकानाचा मेल वहिनी बघत.

वहिनींचंही एक गुपित होतं. दादांचा हात त्यांनाही दिसत होता. कोणाला न सांगता त्यांनी एका दवाखान्याला मेल करून विचारलं होतं, की यजमानांचा हात थरथरतो, काय करावं. दादांना घरीदारी सगळे दादाच म्हणत, म्हणून त्यांनीही तसंच लिहिलं होतं. त्या दवाखान्याच्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि एक दिवस मेल आला.

'दादा यांना या महिन्यात एकही स्वच्छ चादर मिळालेली नाही.'

वहिनी तडक कार्यशाळेत गेल्या. "अहो, तुम्ही चादरीबद्दल बाहेर कोणाजवळ बोललात?"

"कुठल्या चादरीबद्दल?"

"रोज बदलते मी."

"रोज? कशाला?"

"तेच तर. आणि वर लोकांनी मला ऐकवायचं."

दादांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं. त्या दिवसापासून घरात सकाळ-संध्याकाळ चादर बदलू लागली. दुपारी जरा आडवं व्हावं, तर दादांच्या अंगाखालची चादर ओढली जाई.

पुढचा मेल अधिक गंभीर होता. 'दादा यांची पकड अतिशय कमकुवत आहे. सराव वाढवा.' हे वहिनींना पटलं. त्यांनी दादांसमोर ओल्या कपड्यांची बादली ठेवली. "पिळा."

"मी?"

"पकड सुधारते."

दादा निमूट पिळत बसले. चादरी भरपूर होत्या. रात्री हात इतका दुखला, की दुसऱ्या दिवशी वजन चिमट्यातून निसटून टेबलाखाली गेलं. तो वारा होता असं दादाही म्हणाले नाहीत.

तिसरा मेल वाचून मात्र वहिनी स्वयंपाकघरात जाऊन खालीच बसल्या. 'हंगाम संपताच दादा यांना मुक्ती दिली जाईल. मुक्ती नको असल्यास कळवा. अखेरच्या सामन्यात बरोबरी झाल्यास आकस्मिक मृत्यू.' बरोबरी कशाशी, हे त्यांना कळेना. पण बाकीचं पुरेसं स्पष्ट होतं. त्यांनी डोळे पुसून उत्तर लिहिलं: 'कृपया मुक्ती देऊ नये. चादर दिवसातून दोनदा बदलत आहोत. हात जोडून विनंती.' मग ताईला फोन केला.

ताई दुसऱ्या दिवशी यजमानांसह बॅग घेऊन हजर झाली. आली ती दादांच्या समोर बसून त्यांच्याकडे बघत राहिली.

"काय गं, अचानक?" दादांनी विचारलं.

"भावाला बघावंसं वाटलं. लहानपणी मला पोहायला तूच शिकवलंस, दादा."

"नाही शिकवलं. तुला येत नाही पोहता."

"तरीपण," ताई म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

दादा हिशेबी माणूस. घरात कुजबुज आहे, बहीण रडते आहे, बायको गप्प आहे, आणि आपल्याला तर कपडे पिळून पिळून भूक चांगली लागते. तेव्हा आजारी आहे तो धाकटा, असं अनुमान त्यांनी काढलं. धाकटा हल्ली मोबाइलकडे बघून उसासे टाकत असे, हाही पुरावा होताच. त्यांनी आपली पाठीची खुर्ची त्याला दिली.

"तू बस यावर. दमतोस."

"तू बस, दादा. तुला लागते ती."

"माझं काय, मी आहेच."

हे ऐकून धाकट्याला इतकं वाईट वाटलं, की आज सांगायचंच असं ठरवलेलं त्याने आठवड्याने पुढे ढकललं.

अखेरचा सामना जवळ आला. तो हरला तर संघाचं नाव लीगमधूनच जाणार होतं. "आता तरी काढा," वाघोबाने लिहिलं. त्याच्या लिहिण्यात थट्टा उरली नव्हती आणि ते धाकट्याला जास्त लागलं. चहाच्या वेळी सगळे बाहेरच्या खोलीत बसले असताना तो आतल्या खोलीत गेला, डोळे मिटून घेतले आणि दादांच्या नावासमोरचं बटण दाबलं. डोळे उघडले तेव्हा समोर लिहिलं होतं: 'दादा यांची मुक्ती आपल्या विनंतीवरून रद्द. पुढील संपूर्ण हंगाम जागा कायम.'

आयुष्यात पहिल्यांदा निर्णय घेतला होता आणि तोही आधीच फिरवलेला निघाला. धाकटा मोबाइल हातात घेऊन तसाच बाहेर आला.

"दादाला कोणी ठेवून घेतलं? मी त्याला काढायचं ठरवलं होतं."

ताईच्या यजमानांनी खुर्ची भिंतीकडे सरकवली.

"मी ठेवून घेतलं," वहिनी म्हणाल्या. "हात जोडून मागितलं. आणि भाऊजी, तुम्ही असं बोलता?"

"पण वहिनी, तो काही अडवत नाही. येईल ते आत जाऊ देतो. लोक हसतात."

"कोण हसतं?" दादांनी विचारलं.

"वाघोबा."

यानंतर जे झालं ते समजायला चहाचा दुसरा घोट थंड होईपर्यंत वेळ गेला. मेल वाचले गेले, चादरीचा खुलासा झाला, मुक्तीचा झाला, आणि आकस्मिक मृत्यू म्हणजे बरोबरीनंतर पहिला गोल होताच सामना संपणं, हेही कळलं. दवाखान्याचं सांगताना वहिनी दादांकडे न बघता बोलल्या. ताईने डोळे कोरडे केले आणि विचारलं, "यात मी कुठे आहे?"

"मधे."

"मधे काय करते?"

"आलेलं पुढे देतेस."

ताईचे यजमान हसले, आणि मग बचावाला चहाचा कप तोंडाशी नेला.

"दाखव," दादा म्हणाले. मोबाइल त्यांच्या हातात स्थिर राहीना, तेव्हा त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि वाकून वाचू लागले. काट्याचं मोजमाप वाचावं तसं, ओठ न हलवता.

"पकड, शंभरात एकतीस. हे कोणी मोजलं?"

"यंत्र आपलं आपण ठरवतं."

"बरोबर मोजलंय." ते पुढे वाचत गेले. "राखीव कोण? तू?"

"हो."

"तुझी पकड चौसष्ट आहे. मग बाहेर का बसलायस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला? मी खेळतोय हेच मला माहीत नव्हतं."

दादा चष्म्यावरून बघत राहिले. "खरं सांग."

धाकट्याने त्या पाठीच्या खुर्चीवर हात टेकला. मग म्हणाला, "तू आहेस तोवर माझ्या मागे कोणीतरी आहे. मी उभा राहिलो, की चुकलं ते चुकलंच."

"असं आहे होय," दादा म्हणाले. "आणि मी वर्षभर वाट बघतोय, कोणीतरी मला बस म्हणेल."

"तू स्वतः का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर सगळ्यांनी मिळून ठेवून घेतलं असतं. तुझ्या वहिनीने तर यंत्राला हात जोडले." दादांनी उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. "आता तू बोल. आणि त्या गोलकीपरचं नको सांगूस."

"आत्ताच?"

"उद्या सकाळी बोललं तरी..." ताईचे यजमान म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," ताई म्हणाली.

धाकट्याने वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. त्याने टेबलावरचा मोबाइल पालथा केला.

"दादा," तो म्हणाला, "उद्यापासून बारीक काट्याला तू हात लावायचा नाहीस. मी लावणार."