हरवलेले चार फूट

घर बाहेरून मोजलं तर एकोणीस फूट रुंद भरायचं आणि आतून पंधरा. भिंतींची जाडी आधीच वजा केलेली होती, कारण मोजणारा मिलिंद होता आणि विमानांच्या पंखांची मापं तपासायचाच त्याला पगार मिळत होता.

मॉन्ट्रियलमधली ती करड्या दगडाची सलग घरांची ओळ त्याला पाहताक्षणी आवडली होती. जॉर्जियन धाटणीची: सगळ्या घरांना मिळून एकच ऐटदार दर्शनी बाजू, वरच्या मजल्यांवर ठेंगण्या होत गेलेल्या खिडक्या, दारावर पंख्यासारखी काच. आतमध्ये मात्र एकेका मालकाने मनाला येईल तशा भिंती हलवल्या होत्या. कुणी दोन घरांचं एक केलं, कुणी एकाची दोन.

"आत एवढी तोडफोड झाली, पण चेहऱ्यावर सुरकुती नाही," मिलिंद प्रत्येक पाहुण्याला सांगायचा.

"आणि खाली वॉशरूम नाही, तेही सांग," त्याची बायको दीप्ती म्हणायची.

नागपूरहून आलेल्या त्याच्या आईचे, गंगुबाईंचे, गुडघे आणि तो उभा जिना यांचं काही जमेना. आठवडाभरातच त्यांनी लेकाला परतीचं तिकीट काढायला सांगितलं. खाली वॉशरूमला जागाच नाही, असं प्लंबर सांगून गेला होता. पण हरवलेले चार फूट कुठेतरी असणारच ना? त्याने भिंत ठोकत नेली. धुराड्याशेजारी ती पोकळ वाजली.

सिटीला, म्हणजे नगरपालिकेला, विचारून घे, असं दीप्तीने सुचवलं. स्वतःच्या घरातल्या पोकळीसाठी परवानगी कसली, असं म्हणून त्याने करवत काढली. माणूस जाईल एवढा तुकडा त्याने नीट कापला. आत फळ्या निघाल्या. फळ्यांमागे लोकरीचे कोट निघाले. कोट बाजूला सारले तर पलीकडे कपाटाचं दार उघडून मादाम ब्रूसो उभ्या होत्या. या शेजारीणबाई वर्षभरात त्याच्याशी दोनदाच बोलल्या होत्या, दोन्ही वेळा कचऱ्याच्या चुकलेल्या दिवसावरून.

"बोंजूर," मिलिंद म्हणाला.

"बोंजूर," सवयीने त्याही म्हणाल्या, आणि मग त्यांनी सिटीला फोन केला.

इन्स्पेक्टर बाई आल्या तेव्हा मिलिंद प्लास्टरची गोणी घेऊन तयारच होता. आजच बुजवतो म्हणाला. बाईंनी कडेचा चुना खरवडला, टॉर्च मारला आणि त्यांचा चेहरा उजळला. आत विटांची देखणी कमान होती. पूर्वी ही दोन्ही घरं एक होती आणि हे त्यांच्यामधलं मूळ दार. पुढे कुणीतरी घराची दोन करून विकताना मधली जागा शेजारच्या कपाटाला देऊन टाकली. कापलेलं प्लास्टर अलीकडचं, त्याबद्दल काही तक्रार नाही. "पण हे दार जुन्या वास्तूचा वारसा आहे, आता ते परवानगीशिवाय बंद करता येणार नाही," त्या म्हणाल्या. परवानगीला हिवाळा उलटेल.

तेवढ्यात कोटांमधून, पलीकडच्या बाजूने, काठी टेकत गंगुबाई आल्या. त्या कधी गेल्या ते कुणी पाहिलंच नव्हतं.

"एवढं साजरं वॉशरूम बाजूले हाये," त्या लेकाला म्हणाल्या, "अन् तू मले जिना चढवून राहिला होता?"

मग मादामकडे वळून त्यांनी हात जोडले. "जयभीम, बाई."

मादाम ब्रूसोंनी थोडा वेळ विचार केला आणि कोट दुसरीकडे हलवले.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. बर्फ वितळता वितळता परवानगी आली. शेजारधर्म म्हणून मिलिंद विटा आणि गवंडी घेऊन कमानीपाशी उभा राहिला. पलीकडे टीव्हीवर हॉकी चालू होती. गंगुबाई सोफ्यावर पाय पसरून मटार सोलत होत्या आणि गोलकीपरला वऱ्हाडीत झापत होत्या.

मादाम दारात आल्या. बंद करायला त्यांची हरकत नव्हती, असं त्यांनी फ्रेंचमध्ये शांतपणे सांगितलं.

"फक्त गंगुबाई कुठल्या बाजूला राहणार, ते आधी त्यांना विचारा."

मिलिंदने आईकडे पाहिलं. आईने टीव्हीवरून नजर काढली नाही.

त्याने गवंड्याला चहा पाजून परत पाठवलं.