चारही बाजूंनी दोन मिलिमीटर

आधीच सांगून टाकते, मी लीग चालवते. पत्त्यांची! ज्यांना यावर हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढे मी कुणासाठी थांबणार नाही.

हे तुमचे बावन्न पत्ते नव्हेत बरं! आमच्या खेळात हजारो निरनिराळे पत्ते असतात. सम्राट, राक्षसिणी, पहारेकरी, पूर, वणवे. त्यातले साठ ज्याचे त्याने निवडायचे आणि आपला गठ्ठा तयार करायचा. त्याला आम्ही डेक म्हणतो. मग हा डेक घेऊन समोरच्याशी लढायचं. सहा वर्षं झाली, दर रविवारी दुपारी तीन वाजता वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही आठजण जमतो. एक रविवार चुकलेला नाही. चुकेल कसा? मी बस डेपोत टाइमकीपर आहे. माझ्या देखत गाडी एक मिनिट उशिरा सुटली, तर ड्रायव्हर आठवडाभर माझी नजर चुकवतो. तिथे आठ माणसांची लीग काय चीज आहे!

आमच्या मोठ्या जाऊबाई विचारतात, "या वयात राक्षसिणी कसल्या गोळा करतेस गं?" मी सांगते, घरच्या पुरत नाहीत म्हणून.

तर आमच्या हॉलला लागूनच दुसरा हॉल आहे, मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. तिथे दर रविवारी तीन ते सहा मौन मंडळ बसतं. पंचवीस माणसं डोळे मिटून गप्प बसतात. त्यांच्या प्रमुखांना आम्ही मौनीबुवा म्हणतो. ते त्या तीन तासांत तोंडातून ब्र काढत नाहीत, पण गळ्यात पाटी असते आणि पाटीवर उद्गारचिन्हांचा पाऊस! पहिल्यांदा पाटी आली, "हसणे!!" आम्ही हसणं बंद केलं. मग आली, "खुर्च्या!!!" आम्ही खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातले. तीन महिन्यांपूर्वी आली, "प्लॅस्टिक!!!!" म्हणजे पत्ते खराब होऊ नयेत म्हणून आम्ही त्यांना जी पारदर्शक कव्हरं घालतो, ती पिसताना सळसळतात म्हणे. मी कव्हरंही काढायला लावली. इथेच सगळी गडबड झाली, पण ते मला नंतर कळलं.

फायनलच्या आधीच्या रविवारी ग्रंथपालबाईंनी मला बोलावलं.

"पुढच्या वर्षाचं हॉलचं वाटप ठरवायचंय. मौन मंडळाला तुमचाही हॉल हवाय. त्यांची माणसं वाढलीत."

"गप्प बसायला जागा लागते किती हो?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही. पुढच्या रविवारी तुमची फायनल आहे ना? तीन ते सहा एकही तक्रार आली नाही, तर हॉल वर्षभर तुमचा. एक जरी आली, तरी त्यांचा."

"एकही येणार नाही!" मी टेबलावर हात आपटून म्हणाले. पाठोपाठ दारातून पाटी आली.

घरी गेले ती चिडूनच. आवाजाचं मी बघून घेतलं असतं, पण पत्त्यांचं काय? कव्हरं नसल्यामुळे तीन महिन्यांत सगळ्यांच्या पत्त्यांच्या कडा झिजल्या होत्या. आणि कडा झिजली की पाठीवरूनच पत्ता ओळखू येतो. आमच्या खेळात याहून मोठा गुन्हा नाही.

"हे बघा!" जेवताना मी नवऱ्यासमोर माझा डेक आपटला. "हा पत्ता इथे फाटलाय, याचा कोपरा गेलाय. डोळे मिटून सांगते कुठला कोण ते! फायनलला सगळ्यांनाच बाद करावं लागेल!"

आमचे हे बुकबाइंडर आहेत. तीस वर्षं पुस्तकं बांधतायत. कागद दिसला की आधी त्याच्या कडेवरून बोट फिरवतात, मग वाचायचं की नाही ते ठरवतात. त्यांनी माझ्या डेकवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हणजे कडा सगळ्यांच्या सारख्या हव्यात?"

"हो!"

"एवढंच ना?"

"एवढंच!"

हा माणूस "एवढंच ना" म्हणाला की मी जागच्या जागी सावध व्हायला हवं होतं. पण माझं लक्ष कढत भाताकडे!

आमचा एक नियम आहे. फायनलच्या दोन दिवस आधी सगळ्यांनी आपापले डेक माझ्याकडे जमा करायचे, म्हणजे आयत्या वेळी कुणी पत्ते बदलू नयेत. शुक्रवारी मी आठही डब्या यांच्या दुकानातल्या लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली विश्वासाने यांच्याच हातात दिली. शनिवारी मी दिवसभर ड्यूटीवर होते.

रविवारी अडीचला डब्या उचलल्या. आत पत्ते खुळखुळत होते. एरवी गच्च बसतात. पण उघडून बघायला वेळ होता कुणाला?

तीनच्या ठोक्याला आम्ही आठजण हॉलमध्ये. मी, दाताचे डॉक्टर, शिंपीकाका, इलेक्ट्रिशियन, पोस्टमन, कॉलेजात शिकवणाऱ्या दोघी जुळ्या बहिणी आणि माझी धाकटी नणंद. पलीकडे मौन सुरू झालेलं. ग्रंथपालबाई वही घेऊन दारातल्या स्टुलावर. डॉक्टरांनी डबी उघडली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी एक पत्ता माझ्यासमोर धरला. त्यांचा लाडका ज्वालामुखीचा सम्राट! पण डोक्यावरचा मुकुट अर्धाच, आणि सिंहासनाला पाय नाहीत. कडा मात्र कशा? सुरीसारख्या!

डबीत चिठ्ठी होती. यांचं अक्षर. "सर्व कडा समान केल्या आहेत. चारही बाजूंनी दोन मि.मी. फायनलसाठी शुभेच्छा."

मी दुसरी डबी उघडली. चिठ्ठी. तिसरी. चिठ्ठी. आठही डब्यांत तीच चिठ्ठी! चारशे ऐंशी पत्ते माणसाने दुकानातल्या दांड्याच्या कटरखाली घातले होते!

आता आमच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की कापलेला पत्ता हा पत्ताच नव्हे. लिहिलंय कुणी? मीच. ठळक अक्षरात. डॉक्टरांनी ओरडायला तोंड उघडलं. उभा जन्म लोकांना "आ करा" म्हणण्यात गेला, त्यांचाच आ वासलेला! मी झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने भिंतीकडे बोट दाखवलं.

मग सुरू झाल्या चिठ्ठ्या. माझ्या वहीची पानं मी सगळ्यांना वाटली. पोस्टमननी काही न सांगताच टपाल हाती घेतलं आणि चवड्यांवर चालत या टेबलावरून त्या टेबलावर चिठ्ठ्या पोचवू लागले.

डॉक्टर: "सम्राट गेला."

इलेक्ट्रिशियन: "माझ्या वणव्याच्या ज्वाळाच कापल्या. आता नुसतं शेत दिसतंय."

जुळ्या, एकाच कागदावर: "आम्ही रडू का?"

मी: "आवाज न करता."

नणंद: "वहिनी, दादा लहानपणापासून असाच. माझ्या बाहुलीचे केस सारखे करायला घेतले होते. टक्कल झाल्यावर थांबला."

सगळे माझ्याकडे बघत होते. फायनल रद्द करावी, तर सहा वर्षांचा नेम मोडतो, आणि आठ माणसं दुखावलेल्या मनाने घरी जातात. मी तशी ऐकणारी बाई नाही! मोठ्या अक्षरात लिहिलं, "नियमाप्रमाणे आठही डेक बाद. सगळेच बाद म्हणजे सगळे समान. फायनल होणार! पिसा!"

आणि सांगते, अशी फायनल झाली नसेल कुठे! पत्ते आम्ही तान्ह्या बाळाला थोपटावं तसे पिसत होतो. हल्ला करायचा तर डोळ्यांनी. हरलेल्याने मान खाली घालायची, जिंकलेल्याने छताकडे बघायचं. जुळ्या रुमाल तोंडात कोंबून रडत होत्या आणि रडता रडता जिंकतही होत्या. साडेचारला मौनीबुवा दारातून डोकावले. आठ माणसं, पाणावलेले डोळे, चिडीचूप हॉल! ते बघतच राहिले. त्यांनी पाटीवर लिहिलं, "उत्तम." एकही उद्गारचिन्ह नाही! ग्रंथपालबाईंनी हसून वही मिटली. हॉल खिशात आलाच होता हो!

पावणेसहा झाले. शेवटून दुसरा डाव शिंपीकाका हरले. त्यांनी रागारागाने काहीतरी खरडलं. पोस्टमननी चिठ्ठी वाचली, घुटमळले, पण टपाल ते टपाल, मला आणून दिलीच.

"ज्याला मापातलं कळत नाही त्याने कापाकापीला हात घालू नये. तुमचे मिस्टर अडाणी आहेत."

आता खरं सांगते. गेले पावणेतीन तास मी स्वतः यांना मनातल्या मनात जे जे म्हणत होते, त्यात अडाणी हा सगळ्यात मऊ शब्द होता. घरी गेल्यावर काय काय सुनवायचं त्याची यादीसुद्धा तयार होती. पण ते माझं! या शिंप्याने म्हणावं? ज्याने माझ्या डेपोच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं आखूड शिवली, त्याने?

"माझ्या नवऱ्याला बोलायचं काम नाही!"

सुरू इंजिनाच्या वरून दहाव्या फलाटापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. कपाटांच्या काचा थरथरल्या.

"चारशे ऐंशी पत्ते आहेत! चारही बाजू! एक पत्ता केसभर लहानमोठा दाखवा! आहे हिंमत? काढा तुमची टेप! मोजा!"

पलीकडे काहीतरी धप्पकन पडलं. मग कुणीतरी दचकून किंचाळलं. मग पंचवीसच्या पंचवीस माणसं एकदम बोलायला लागली.

पाटी आली. या वेळी उद्गारचिन्हांना जागाच उरली नव्हती, तक्रार दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती. ग्रंथपालबाईंनी घड्याळ बघितलं.

"बाई, आठ मिनिटं राहिली होती हो."

"माहितीये मला. मी टाइमकीपर आहे."

"थोडं थांबला असतात तर..."

"नसते थांबले!" मी म्हणाले. "शिंपीकाका तीनला तसं म्हणाले असते, तर मी तीनलाच ओरडले असते!"

शेवटचा डाव आम्ही जिन्यात बसून मोठमोठ्याने बोलत खेळलो. डॉक्टर जिंकले, त्यांच्या लंगड्या सिंहासनानिशी. आमचं कपाट रिकामं करताना मात्र मला भरून आलं. सहा वर्षं तो हॉल मी घरासारखा झाडला होता. नणंदेने विचारलं, "वहिनी, रडताय?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

दुकानात हे वाटच बघत होते. "काय, खूश झाले ना सगळे?"

मी यादीतला पहिला शब्द काढणार, तेवढ्यात नणंदेने एका दमात सगळं सांगितलं. कापलेला सम्राट, चिठ्ठ्या, शिंपी, आठ मिनिटं, गेलेला हॉल. यांनी हळूच डिंकाची बाटली खाली ठेवली. चेहरा एवढासा झाला.

"मला वाटलं, तुझं काम सोपं होईल," ते म्हणाले. मग, "तू माझ्यासाठी एवढं ओरडलीस?"

"लीगच्या शिस्तीसाठी ओरडले."

"एकही पत्ता केसभर लहानमोठा नाही, असं म्हणालीस? सगळ्यांसमोर?"

"म्हणाले. खरंच होतं ते."

हे लग्नात हसले नव्हते एवढे हसले! माझी यादी तिथेच बारगळली. मग त्यांनी खालचा खण उघडला. "हे बघ, कडांचे काप मी टाकलेले नाहीत. प्रत्येक डेकचे वेगळे ठेवलेत." आठ पाकिटं, त्यांवर आठ नावं, आत एक हजार नऊशे वीस काप!

पुढच्या रविवारी तीन वाजता लीग भरली यांच्या दुकानात. हॉल गेला म्हणून लीग जाते होय! लांब टेबलाभोवती आम्ही आठजण आणि नववे हे. डिंक, ब्रश, चिमटे. सगळ्यात आधी शिंपीकाका आले, टेप घेऊन. माफीबिफी नाही मागितली. यांच्या शेजारी बसले, एक पत्ता चारही बाजूंनी मोजला आणि म्हणाले, "काम स्वच्छ आहे." यांनी चहाचा पहिला कप त्यांच्यापुढे सरकवला.

चार रविवार चिकटवत होतो. सम्राटाला मुकुट मिळाला, जरा कलता. वणवा पुन्हा पेटला. आणि शेवटचा काप बसल्यावर आमच्या लक्षात आलं की चिकटवलेल्या कडा आता पहिल्यापेक्षाही वाईट झाल्यात. कुठे फुगलेल्या, कुठे दातऱ्या. पाठीवरून काय, लांबूनसुद्धा पत्ता ओळखू येत होता. यांनी माझ्या डेकच्या कडेवरून बोट फिरवलं, विचार केला आणि उठले.

"थोडंसंच वरखाली झालंय. एकदा कटरखाली—"

"नाही!!" आठजण एकदम ओरडलो.

कटरचा दांडा सध्या माझ्या पर्समध्ये असतो.